कोल्ड कम्फर्ट फार्म: वरच्या खोलीत आजी, खाली अख्खं खानदान

आमच्या कंपूत फिरत फिरत हे पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा पहिल्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं, "सासरी नेऊ नये". त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "माहेरी तर अजिबातच नको". आमच्यात असंच चालतं, पुस्तक एकीने घ्यायचं, बाकीच्यांनी वाचायचं, आणि समासात वाट्टेल ते लिहायचं, फक्त पेन्सिलीने. त्यामुळे मी कादंबरी एक वाचली आणि त्या कादंबरीवरची भांडणं वेगळी वाचली, आणि खरं सांगायचं तर दोन्ही सारखीच मजेची होती. म्हणून हा रिव्ह्यू पण थोडा माझा आणि थोडा सगळ्यांचा आहे.

तर पुस्तक म्हणजे स्टेला गिबन्सची 'कोल्ड कम्फर्ट फार्म'. इंग्लंडमधली, १९३२ सालची. जुनं आहे म्हणून घाबरू नका. फ्लोरा पोस्ट नावाची विशीतली मुलगी, आईबाप एकापाठोपाठ एक साथीच्या तापात गेलेत, शिक्षण भरपूर झालंय पण पैसे कमवायची कला तेवढी नाही, आणि वर्षाला फक्त १०० पौंड हातात. मैत्रीण म्हणते नोकरी कर, काहीतरी शीक. ही म्हणते छे, एवढे नातेवाईक आहेत ते कशासाठी, त्यांच्यापैकी कुणाकडे तरी जाऊन राहते. आणि चक्क सगळ्यांना पत्रं लिहिते. उत्तरं येतात त्यातलं सगळ्यात विचित्र पत्र ससेक्समधल्या हाऊलिंग नावाच्या गावातून, ज्युडिथ स्टारकॅडर नावाच्या नात्यातल्या बहिणीचं असतं, की तुझ्या वडिलांवर, म्हणजे रॉबर्ट पोस्टवर, माझ्या नवऱ्याने कधीकाळी फार मोठा अन्याय केलाय, तेव्हा ये बाई, मी ते फेडीन. काय अन्याय, ते काही नाही. फ्लोरा खूश. बॅग भरून निघते.

आणि मग ते घर! म्हणजे घर कसलं, चिखलात रुतलेला, पडायला आलेला वाडाच. वरच्या खोलीत एडा डूम, घराची मुख्य म्हातारी, वीस वर्षं झाली खोलीबाहेर आलेली नाही. ती लहान असताना तिने लाकडं ठेवायच्या खोपटात काहीतरी भयंकर पाहिलेलं. काय पाहिलं ते कुणालाच माहीत नाही. पण तेव्हापासून जरा कुणी घर सोडायची भाषा केली, लग्न करतो म्हणालं, शेतीत काही नवीन करू म्हणालं की हिला झटका येतो आणि ती म्हणते, मी खोपटात काहीतरी भयंकर पाहिलंय! झालं. हे वाक्य म्हणजे त्या घराचा मेन स्विच आहे, पडला की सगळे जागच्या जागी बंद.

इथे समासात चार वेगवेगळ्या अक्षरांत नोंदी आहेत. एक म्हणते "आमच्याकडे बीपी". दुसरी म्हणते "आमच्याकडे छातीत कळ, फक्त मुलगा घरी असताना". तिसरीने लिहिलंय "माझे आजोबा काशीला निघायचे. पिशवी घेऊन दारापर्यंत. दर दिवाळीला". आणि चौथीने नुसतं नाव लिहून खोडलंय, एवढं खोडलंय की कागद फाटलाय. आता सांगा, हे पुस्तक ससेक्सचं आहे का सदाशिव पेठेचं?

गंमत म्हणजे ही म्हातारी वेडी बिडी अजिबात नाहीये. खोलीत बसून दुधाची वही, कोंबड्यांची वही, डुकरांची वही, सगळे हिशोब ती स्वतः तपासते, पै न पै तिच्या ताब्यात. जेवणं वेळच्या वेळी वर पोचतात आणि ती पण चांगली भरगच्च. म्हणजे झटका येतो तो फक्त दुसऱ्याला काही हवं असलं की. शिवाय वर्षातून एकदा ती खाली उतरते आणि सगळ्या खानदानाची मोजदाद करते, कारण या घरात माणसं एकमेकांना विहिरीत ढकलतात, दारूने मरतात, वेडी होतात, त्यामुळे किती उरलेत ते बघायला नको का. हा मोजणीचा कार्यक्रम पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे आणि मी तो लोकलमध्ये वाचला, तुम्ही वाचू नका, शेजारची बाई माझ्याकडे बघून सरकून बसली.

खाली कोण कोण आहे ते सांगते, नाहीतर पहिल्या पन्नास पानांत तुम्ही हरवाल. ज्युडिथ, एडाची मुलगी, सतत शालीत गुंडाळलेली आणि दुःखात बुडलेली, आणि तिच्या दुःखाचं कारण म्हणजे तिचा धाकटा मुलगा सेथ. त्याच्यावर तिचा एवढा जीव की खोलीभर त्याचे फोटो. आता आईचं मुलावर प्रेम असतं हो, पण इथे वाचताना आपल्यालाच कसंतरी होतं, आणि लेखिकेला तेच करायचंय. सेथ म्हणजे शर्टाची बटणं उघडी टाकून दाराला टेकून उभा राहणारा गावचा हिरो, सगळ्या पोरी त्याच्यामागे, आणि त्याला स्वतःला पोरींमध्ये शून्य इंटरेस्ट. त्याला फक्त सिनेमा आवडतो. एवढंच. आख्खं घर त्याला वासनेचा ज्वालामुखी समजतंय आणि तो बिचारा मनातल्या मनात टॉकीजमध्ये बसलेला असतो.

ज्युडिथचा नवरा एमॉस. हा थरथरणाऱ्या बंधूंच्या चर्चमध्ये जाऊन लोकांना नरकाची भीती घालतो. त्याचं प्रवचन हा पुस्तकातला माझा सगळ्यात लाडका भाग. म्हणतो, इथे केक काढताना भट्टीत हात भाजला तर तुम्ही त्यावर लोणी लावता, होय ना, पण नरकात लोणी नसतं! हे वाक्य आमच्या कंपूत आता रोजच्या वापरात आहे. ऑफिसात अप्रेझल झालं, नरकात लोणी नसतं. स्वैपाकाच्या मावशी आल्या नाहीत, नरकात लोणी नसतं. फिट बसतं सगळीकडे.

मोठा मुलगा रूबेन, याला फार्म हवंय, खरंच मनापासून शेती करायचीय, आणि म्हणून फ्लोरा आल्यावर त्याला पहिला संशय हाच की ही वाटणी मागायला आलीय. (ससेक्स का सांगली, परत तोच प्रश्न.) एल्फिन ही धाकटी मुलगी, रानावनात हिंडते, कविता करते, आणि शेजारच्या गढीवरच्या श्रीमंत मुलाच्या, डिक हॉक-मॉनिटरच्या प्रेमात आहे. पण घरच्यांनी तिला अर्क नावाच्या भावकीतल्या माणसासाठी राखून ठेवलीय. हा अर्क पाणउंदरांचा शौकीन. ती जन्मून तास झाला तेव्हाच त्याने तिच्या दुधाच्या बाटलीवर पाणउंदराच्या रक्ताने खूण केलेली, ही माझी म्हणून. पाळण्यात लग्न ठरवणं आपण ऐकलेलं, पण हे जरा पुढचं आहे. अॅडम नावाचा म्हातारा गडी आहे, तो भांडी काटेरी काटकीने घासतो, आणि त्याच्या गाईंची नावं ग्रेसलेस, पॉइंटलेस, फेकलेस आणि एमलेस. मध्येच एका गाईचा पाय गळून पडतो आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. फ्लोरा त्याला भांडी घासायला छोटासा दांड्याचा ब्रश आणून देते तर तो म्हणतो एवढ्या सुंदर वस्तूने भांडी कुठे घासायची, आणि जपून ठेवून देतो. आमच्या आजीने मिक्सर अकरा वर्षं खोक्यात ठेवलेला त्याची आठवण झाली, पण ते जाऊ दे.

याशिवाय ल्यूक, मार्क, मायका, एझ्रा, हार्कवे, कॅरवे असे भाऊबंद आहेत, ते लक्षात ठेवायची गरज नाही, लेखिकेलाही फारशी पडलेली नाही. यांच्यातल्या लग्न झालेल्यांनी बायका गावात लपवून ठेवल्यात, कारण म्हातारीला चालत नाही. नोंद: "वन बीएचके भाड्याने घेतात तेच हे".

आता यात विनोद कशाचा. एक म्हणजे त्या काळात इंग्लंडमध्ये मातीतल्या, रडक्या, धो धो भावनांच्या खेड्यातल्या कादंबऱ्यांचं पेव फुटलेलं. मेरी वेब म्हणून लेखिका होती, ती १९२७ मध्ये वारली, पुढच्याच वर्षी पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविनने जाहीर कौतुक केलं आणि तिची पुस्तकं धडाधड खपायला लागली. स्टेला गिबन्स तेव्हा लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये होती आणि तिच्या वाट्याला यातल्याच एका कादंबरीच्या क्रमशः भागांचे गोषवारे लिहायचं काम आलेलं. रोज त्या नांगराच्या फाळासारख्या वाक्यांतून जायचं म्हणजे माणूस एकतर नोकरी सोडेल नाहीतर हे लिहील. तिने हे लिहिलं. प्रस्तावनेत ती सांगते की माझ्या पुस्तकातले साहित्यिक दर्जाचे परिच्छेद वाचकाला पटकन सापडावेत म्हणून मी त्यांना चांदण्या दिल्यात, एक, दोन किंवा तीन, बेडेकरच्या प्रवास-मार्गदर्शकात देतात तशा. (हा बेडेकर जर्मन, लोणच्यावाले नव्हेत.) आणि खरंच पुस्तकभर चांदण्या आहेत. तीन चांदण्यांचा परिच्छेद आला की समजायचं, आता पहाट प्रसूतिवेदना दिल्यासारखी उगवणार, टेकड्या धापा टाकणार. आमच्यातली एक हे परिच्छेद व्हॉइस नोट करून पाठवते, ड्रामॅटिक आवाजात, रात्री अकराला. ज्यांनी आपल्याकडच्या पाऊस-माती-हंबरडा छाप कादंबऱ्या भक्तिभावाने वाचल्यात त्यांना जास्त हसू येईल, कारण ती वाक्यं ओळखीची वाटतात, फक्त भाषा दुसरी.

पण नुसतं विडंबन असतं तर ९० वर्षांनी आपण का वाचतोय. मेरी वेब कुणाला माहितीये आता. मूळ कादंबऱ्या विसरल्या गेल्या आणि चेष्टा राहिली, ती घरामुळे राहिली असं मला वाटतं. कारण फ्लोरा त्या घरात जाऊन काय करते, तर प्रत्येकाला वेगळं गाठते आणि विचारते, तुला नक्की काय हवंय? बस. एवढंच. या घरात कुणी कुणाला हा प्रश्न विचारलेलाच नाही. कोण कुणाचं काय लागतं, कुणी कुणासाठी काय सोसलं, कुणाचा शाप कुणाला लागला, हे सगळ्यांना पाठ, पण सेथला सिनेमा आवडतो हे त्याच्या सख्ख्या आईला माहीत नाही, ती फोटोंकडे बघून उसासे टाकतेय.

आणि एकदा उत्तर मिळालं की फ्लोरा सोय लावते. एमॉसला म्हणते, या एकाच चर्चमध्ये कशाला अडकताय, फोर्डची व्हॅन घ्या, गावोगाव फिरा, जास्त लोकांना नरकाची भीती घालता येईल. तो निघतोच. सेथसाठी हॉलिवूडचा एक निर्माता आणून उभा करते. एल्फिनचे केस कापून, लंडनहून ड्रेस शिवून, कविता बंद करायला लावून तिला डिकच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या पार्टीत नेते, आणि तिथेच साखरपुडा जाहीर. ज्युडिथला मानसोपचारतज्ज्ञाच्या हवाली करते, तो तिचं सेथचं वेड काढून तिला जुन्या चर्चच्या इमारतींच्या नादी लावतो. रूबेनला फार्म मिळतं. आणि एडा आजी... नाही, एडा आजीचं सांगत नाही, ते वाचाच. एवढंच सांगते की त्यात फॅशनचं मासिक आहे, पॅरिसचं हॉटेल आहे आणि म्हातारी जी खाली उतरते ती काय कपड्यांत उतरते ते बघून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले.

बघा म्हणजे प्रत्येकाचं सुख घराबाहेर आहे. रूबेन तेवढा राहतो कारण त्याला राहायचंच होतं. बाकी जो तो आनंदात निघून गेला. आपल्या सिरियलींमध्ये शेवटच्या भागात काय होतं, रुसलेले परत येतात, हॉलमध्ये सगळे, आजी मधे खुर्चीत, फोटो. इथे शेवटी हॉल रिकामा होतो आणि तोच हॅपी एंडिंग. विनोदी पुस्तक म्हणून हातात घेतलेलं आणि हे असं काही निघालं त्यामुळे आमच्यात जोरदार वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

एक पार्टी म्हणते फ्लोरा म्हणजे देवदूत. दुसरी पार्टी, त्यात मैत्रिणीच्या आई आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या, आमच्या सगळ्यांच्या काकू, त्या म्हणाल्या, "अगं ही पोरगी फुकट खायला आली आणि घर मोडून गेली की!" आणि त्यांचं अगदीच चूक नाही हो. फ्लोराला कुणी बोलावलेलं नसतं घर सुधारायला. तिला घाण आवडत नाही, पडदे धुतलेले हवेत, जेवताना आरडाओरडा नको, म्हणून ती माणसं पण धुऊन वाळत घालते. एचआरमध्ये काम करणाऱ्या आमच्यातल्या एकीने शेवटच्या पानावर लिहिलंय, "हेच मी रोज करते, मला कुणी कादंबरी लिहीत नाही". काकूंनी त्याच्याखाली, "कारण लोक गेल्यावर तुम्ही पार्टी करता."

माझं मत काकूंच्या आणि फ्लोराच्या मधे कुठेतरी पडतं. फ्लोरा कुणाला हाकलत नाही, म्हातारीलाही खलनायिका करत नाही, हे मला फार आवडलं. दुसरं कुणी लिहितं तर एडाचं शेवटी गर्वहरण झालं असतं, ती रडली असती, माफी मागितली असती. इथे फ्लोरा तिच्या खोलीत जाते, दार बंद करते, तासन्‌तास बोलते, आणि तिलाही तोच प्रश्न विचारते, की बाई, तुला काय हवंय. म्हातारीला वीस वर्षांत हे कुणी विचारलेलंच नसतं, सगळे नुसते जेवणाचं ताट वर नेत होते आणि घाबरत होते. ज्या घरात असं एखादं माणूस आहे तिथे वाचताना हसता हसता थोडं टोचतं, कारण आपणही ताटच नेत असतो.

पण फ्लोरा कधीच हरत नाही, हा पुस्तकातला खरा प्रॉब्लेम आहे. चि. वि. जोशींचा चिमणराव घ्या, तो जे करायला जातो ते त्याच्याच अंगावर येतं आणि आपण त्याच्यासकट हसतो. फ्लोराच्या अंगावर चिखलाचा थेंब पडत नाही. सगळे वेडे आणि ती एकटी शहाणी, नीटनेटकी, इस्त्रीची. पहिली दोनशे पानं चालतं, नंतर मला वाटायला लागलं की एकदा तरी हिचा बेत फसू दे, एकदा तरी ही रात्री उशीत तोंड खुपसून रडू दे, आईबाप गेलेत ना हिचे? लेखिका त्याबद्दल ब्र काढत नाही.

आणि इथे एक गोष्ट कळल्यावर माझा राग जरा कमी झाला. स्टेला गिबन्सचे वडील लंडनच्या केंटिश टाऊनमध्ये डॉक्टर होते, गरीब पेशंटमध्ये चांगलं नाव, आणि घरात दारू, बाहेरख्यालीपणा, आरडाओरडा, रोजचं नाटक. १९२६ मध्ये आई गेली आणि काही महिन्यांत वडीलही गेले, मागे दोन धाकटे भाऊ, आणि घर हिच्या पगारावर. म्हणजे वस्तू फेकणारी, दारं आपटणारी, भावनांचा तमाशा करणारी माणसं हिने लायब्ररीत वाचायच्या आधी जेवणाच्या टेबलावर पाहिलेली. मग फ्लोरा अशी का आहे ते समजतं. तमाशाच्या घरात वाढलेल्या मुलीने रंगवलेली ही इच्छापूर्ती आहे, की एक शांत, धुतलेल्या हातांची मुलगी दारातून आत येईल आणि म्हणेल, बास आता, चहा घ्या.

बाकी खटकलेलं पटापट सांगते. मेरियम नावाची कामाची मुलगी आहे, दर उन्हाळ्यात सुकबाइंड नावाचं झाड फुललं की तिला दिवस जातात, चार पोरं झालीत. (नर्सरीत विचारू नका, असलं झाड नाहीये, लेखिकेने बनवलंय, तशीच त्या लोकांची अर्धीअधिक बोलीसुद्धा.) फ्लोरा तिला गर्भनिरोधनाबद्दल स्पष्ट समजावते, १९३२ च्या मानाने हे धाडसच म्हणायचं. मेरियमची आई मिसेस बीटल तर त्याहून भारी, तिचा प्लॅन आहे की चारही नातवंडं मोठी झाली की त्यांचा जाझ बँड काढायचा. पण शेवटी सगळ्यांना हॉलिवूड, गढी, पॅरिस मिळतं आणि मेरियमला काय मिळतं, तर तो पाणउंदीरवाला अर्क. फ्लोराचा प्रश्न मालकांच्या मुलांपुरताच होता का, असं एकीने तिथे लिहिलंय आणि त्यावर कुणालाच उत्तर सुचलेलं नाही.

मि. मायबग हा लेखक पण आहे, तो फ्लोराच्या मागे लागतो, त्याला प्रत्येक झाडात आणि टेकडीत सेक्स दिसतो, आणि तो एक पुस्तक लिहितोय की ब्राँटे बहिणींच्या कादंबऱ्या खरं म्हणजे त्यांच्या दारुड्या भावाने लिहिल्या. असे सर आमच्या कॉलेजला होते, त्यामुळे हसू आवरेना. पण त्याचं खरं आडनाव मायरबर्ग आहे हे मधेच सांगून लेखिकेने जो टोमणा मारलाय तो ज्यू लोकांवरचा त्या काळचा टोमणा आहे, आणि तो आज वाचताना चव बिघडवतो.

आणि चार्ल्स! हा फ्लोराचा हिरो. शेवटी विमान घेऊन येतो. विमान का, तर कादंबरी भविष्यात घडते म्हणे. ही मजा बऱ्याच जणींच्या लक्षातच आली नाही, की पुस्तकात फोनवर समोरच्याचा चेहरा दिसतो, लोक विमानाची टॅक्सी करतात, १९४६ सालच्या निकाराग्वाच्या युद्धाचा उल्लेख आहे, आणि हे सगळं चालू असताना अॅडम तिकडे काटकीने भांडी घासतोय. ही कल्पना धमाल आहे, पण लेखिकेने ती जेमतेम वापरली. चार्ल्सला तर अजिबातच वापरलं नाही, तो छान दिसतो, कमी बोलतो आणि योग्य वेळी उतरतो. तीनशे पानं सगळ्यांची चेष्टा करून शेवटी नायिकेला मात्र खरंखुरं, बिनचेष्टेचं प्रेम, हे मला पचलं नाही. ती पानं कंपूत एकीने चक्क क्लिपने बंद करून ठेवलेली.

त्या खोपटात काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर मला मेसेज नको. रॉबर्ट पोस्टवर काय अन्याय झाला तेही कळत नाही. काहींना हे चीटिंग वाटलं. मला नाही वाटलं, आमच्या घरात एका काकांशी १९८० च्या आसपासपासून अबोला आहे आणि त्याचं कारण आता हयात असलेल्या कुणालाच माहीत नाही, अबोला मात्र व्यवस्थित चालू आहे.

या पुस्तकाला १९३३ चं फेमिना व्ही हरूज पारितोषिक मिळालं, ४० पौंडांचं, आणि ते हिला दिलं म्हणून व्हर्जिनिया वूल्फ ही मोठी लेखिका भडकलेली, कोण ही बाई, कसलं हे पुस्तक म्हणून. पुढे गिबन्सने वीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या आणि लोकांनी जन्मभर तिला याच एका पुस्तकाबद्दल विचारलं. १९४९ मध्ये तिने याचा पुढचा भाग काढला, मी तो सुरू केला आणि अर्ध्यात ठेवला, तिथे माणसं कमी आणि आधुनिक कलावाल्यांवर शेरेबाजी जास्त. सिनेमा १९९५ चा आहे, केट बेकिन्सेल फ्लोरा, इयन मॅकेलन एमॉस, तो मात्र जरूर बघा, ते नरकातलं लोणी त्याच्या तोंडून ऐकायला हवं. पण पुस्तकानंतर बघा.

इंग्रजी कसं आहे विचाराल तर फ्लोराचं सोपं, स्टारकॅडर लोकांचं अवघड. तिथे अडलात तर मोठ्याने वाचा, अर्थ आवाजातून कळतो, आणि नाही कळला तरी चालतं कारण बरेच शब्द मुळात अस्तित्वातच नाहीत. पहिली साठेक पानं दमाने घ्या, मोजणीच्या रात्रीपर्यंत पोचलात की मग हातातून सुटत नाही. पेंग्विनची पेपरबॅक घ्या, लिन ट्रस या लेखिकेची प्रस्तावना असलेली मिळाली तर उत्तम, आणि ती प्रस्तावना शेवटी वाचा. फुकट पीडीएफ शोधत बसू नका, लेखिका १९८९ मध्ये गेली, त्यामुळे आपल्याकडे २०४९ संपेपर्यंत कॉपीराइट आहे, आणि तसंही या पुस्तकाला समास हवा.

कुणाला द्यावं? जॉइंट फॅमिलीत राहणारीला द्या, जॉइंट फॅमिलीतून बाहेर पडलेलीला तर नक्की द्या. ज्यांच्याकडे सध्या वाटणीची केस चालू आहे त्यांना निकाल लागल्यावर द्या. नवीन लग्न झालेलीला भेट म्हणून देऊ नका, आमच्यातल्या एकीने दिलेलं आणि ते तिच्या सासूबाईंनी आधी वाचलं. त्यांना आवडलं म्हणे, विशेषतः ती वरची खोली.

पाचपैकी साडेचार. अर्धा चार्ल्सचा कापलाय.